जिभेखालची गोळी

वाचकहो, दिवाळी अंकात व्यसनाची गोष्ट काढली म्हणून रागावू नका. "चकली-चिवड्याच्या ताटात तुमची कडू गोळी कशाला?" असे आमच्या सौ.नीही विचारलेच. पण सणाच्या दिवसांत माझ्या दवाखान्यात लोक अजीर्णाबरोबर घरची गुपितेही घेऊन येतात. परगावी नोकरी करणारा मुलगा चार दिवस घरी राहतो, सगळे एका पंगतीला बसतात आणि आईच्या ध्यानात येते की, याचे काहीतरी बिनसले आहे.

अफू आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूची बाळगोळी चारून निजवीत. सोलापूरही गिरण्यांचेच गाव; इथल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडूनही या बाळगोळीच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. (याच अफूच्या पेट्या मुंबई बंदरातून चीनला जात, आणि १९३८ साली त्याच चीनमध्ये जखमींची सेवा करायला आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस गेले. हा योग मला नेहमी विचारात पाडतो.) पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारने १९४९ साली ठरवले, की दहा वर्षांत औषधापुरती सोडून बाकी अफू बंद करायची. ३१ मार्च १९५९ ही त्याची मुदत होती. तरीही जुन्या अफूबाजांना डॉक्टरी दाखल्यावर ठरावीक मात्रा मिळण्याची वाट मोकळी ठेवली होती. सरकार फार कनवाळू होते म्हणून नव्हे. वर्षानुवर्षे खाल्लेली अफू एका रात्रीत तोडली तर माणसाचे काय हाल होतात, हे जाणत्यांना ठाऊक होते.

नंतर १९८० च्या दशकात 'गर्द' आला. अनिल अवचटांनी त्यावर लिहिले, महाराष्ट्र हादरला, आणि पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली अवचट दांपत्याने पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. हे सारे आपण वाचले, हळहळलो, आणि 'आपल्या घरात असले काही नाही' म्हणून अंक मिटून ठेवला. आता हीच जात साध्या वेदनाशामक गोळीच्या नि खोकल्याच्या औषधाच्या रूपाने घरात येते. ट्रॅमाडॉल नावाची गोळी २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावी लागली, ती उगाच नव्हे.

गेल्या वर्षी माझ्या एका मित्राची पत्नी दवाखान्यात आली. त्यांच्या मुलाचा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला होता. पाय जुळला, पण दुखण्यावरच्या गोळ्या सुटल्या नाहीत. दिवसाला पंधरावर गेल्या. अखेर एका सरकारी केंद्रात त्याला ब्युप्रेनॉर्फिन सुरू झाले आणि आठ महिन्यांत पोरगा पूर्वीसारखा कामावर जाऊ लागला. तुळशीचे लग्न झाले की त्याचे लग्न!

"भाऊजी, आता ती गोळी बंद करून टाका," वहिनी म्हणाल्या. "नवी सून घरात येणार. एक व्यसन सुटलं न् दुसरं लागलं, असंच ना हे?"

मी विचारले, "वहिनी, थायरॉइडची गोळी तुम्ही किती वर्षं घेताय?"

"बारा. पण ती वेगळी!"

"बरं. या आठ महिन्यांत पोरानं पगार घरी आणला का? खोटं बोलला का?"

वहिनी गप्प बसल्या.

वाचकहो, वहिनींची शंका अगदीच खोटी नव्हे. या औषधाची शरीराला सवय होतेच. एकदम थांबवले तर अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप उडते. पण व्यसन म्हणजे नुसती सवय नव्हे. व्यसन म्हणजे दिवसभर त्या एकाच वस्तूमागे धावणे, त्यासाठी लपवाछपवी, उसनवारी नि चोरी. मेंदूत अफूच्या जातीच्या द्रव्यांची जणू कुलपे असतात. हेरॉइन त्या कुलपात किल्लीसारखे पुरते फिरते. ब्युप्रेनॉर्फिन त्यात घट्ट बसते, पण अर्धेच फिरते. त्यामुळे तलफ भागते, नशा चढत नाही, आणि दुसऱ्या किल्लीला शिरायला जागा राहत नाही. मेथाडोन हे दुसरे औषध पुरते फिरते, पण सावकाश. न्यूयॉर्कला डोल आणि निस्वँडर या डॉक्टरांनी १९६० च्या दशकात त्याचा उपयोग दाखवून दिला. २००५ साली ही दोन्ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आली.

वहिनींना मी जे जरा दरडावून सांगितले, ते हे. औषध चालू असते तोवर या रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण, औषध सोडलेल्यांच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. सोडल्यानंतरचे पहिले महिनाभर सर्वांत घातक. शरीराची जुनी सहनशक्ती गेलेली असते, माणूस मात्र जुन्याच हिशेबाने मात्रा घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. मुहूर्तासाठी हा धोका पत्करायचा?

पोराने मुलीला स्वतःच सांगितले. तिच्या वडिलांनी विचाराला आठ दिवस मागितले. मग ते माझ्याकडे आले, तासभर वकिलासारखे उलटसुलट प्रश्न विचारले आणि चहा न घेताच गेले. लग्न झाले, पण महिनाभर उशिरा.

आता कामाचे. ही गोळी पेठेतल्या औषधाच्या दुकानात मागू नका. ती ठरावीक व्यसनमुक्ती केंद्रांतूनच मिळते. जवळच्या शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करावी. पहिली मात्रा डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यावी. अंगात आधीची नशा असताना घेतली तर एकदम जोराचा त्रास सुरू होतो. झोपेच्या गोळ्या नि दारू यांच्याशी तिची गाठ घालू नये. कमी करायची ती डॉक्टरांनीच, हळूहळू. २०२० च्या टाळेबंदीत रोजच्या फेऱ्या चुकवण्यासाठी गोळ्या घरी द्यायला परवानगी मिळाली होती. घरी असतील तर कुलपात ठेवा. लहान मुलाला एकसुद्धा घातक ठरू शकते. गोळी गिळायची नाही, गिळली की बहुतेक वाया जाते. जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटे लागतात. तेवढा वेळ बोलणे नाही, चहा नाही. विरघळली की चूळ भरावी. त्या वेळात घरच्यांनीही त्याला कसलेच प्रश्न विचारू नयेत.