पतंगाच्या मुक्कामाची नोंद

माल कोठून आला, कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या प्रतीचा आहे, हे विचारल्यावाचून धान्याचा व्यापारी वहीत ओळ लिहीत नाही. कीटकांचा अभ्यासकही पतंगाविषयी असेच विचारतो : कोणते गाव, कोणता दिवस, कोणते पीक? या नोंदींवरूनच एखाद्या जातीच्या विस्ताराचा नकाशा तयार होतो.

स्पोडोप्टेरा फ्रुजिपेर्डा हा करड्या रंगाचा, सहज नजरेतून सुटणारा पतंग मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या अळीला आपल्याकडे अमेरिकन लष्करी अळी म्हणतात. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत त्याची प्रथम नोंद झाली. महासागर ओलांडून तो तेथे मालवाहतुकीबरोबर गेला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. पुढचा प्रवास मात्र बराचसा त्याच्या स्वतःच्या पंखांचा. अनुकूल वारा असला, तर एका रात्रीत तो शंभर किलोमीटर जाऊ शकतो. मे २०१८ मध्ये कर्नाटकातील शिवमोग्गा येथे तो मक्यावर सापडला आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात चक्क उसावर. जानेवारी २०१९ मध्ये चीनच्या युन्नान प्रांतात, तर २०२० च्या आरंभी ऑस्ट्रेलियात त्याची नोंद झाली.

परंतु पहिली नोंद म्हणजे पहिले आगमन नव्हे. ज्या दिवशी कोणी निरखून पाहिले, तो तो दिवस. नकाशावरील कोऱ्या जागी पतंग नसेलच असे नाही. कदाचित तेथे पाहणारा कोणी नसेल. तंबाखूची पाने खाणारी, याच कुळातील जुनी अळी आपल्याकडे पूर्वीपासून आहेच, त्यामुळे गफलतही सहज होते.

आणि उशिराची किंमत मोठी असते. एक मादी हजाराहून अधिक अंडी घालते, अळी मक्याच्या पोंग्यात शिरून कोवळा गाभा खाते, आणि पोंग्यात ती खोल गेली की फवारणीही तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. अपुरा पाऊस आणि ही अळी यांमुळे मक्याची टंचाई भासली, तेव्हा २०१९ मध्ये सरकारला सवलतीच्या शुल्काने मका आयात करू द्यावा लागला. मक्याचा किंवा कोंबडीखाद्याचा व्यवहार करणाऱ्यांना ते वर्ष आठवत असेल.

ओळख कठीण नाही. मोठ्या अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण असते आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. तिला न मारताही छायाचित्र घेता येते. गाव, दिनांक व पीक लिहून ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राकडे द्यावे.