योक नावाचं जोखड

परवा ताईचा फोन आला. चिरंजीव (म्हणजे माझा भाचा, यंदा अकरावीत) विमान उडवणार म्हणतात. सध्या घरात, कॉम्प्युटरवरच, पण पुढे खरंच पायलट व्हायचं डोक्यात आहे आणि म्हणून "आत्तापासून हाताला वळण लागलं पाहिजे" असं कुणीतरी त्याला सांगितलंय. त्या कुणीतरीने यादीही करून दिलीय : योक, त्याच्या शेजारी थ्रॉटलचा डबा, पायाशी रडर पेडल्स. बेरीज ऐकून ताईचा आवाज जरा बारीक झाला होता. भाऊजी मात्र जोरात. पुढच्या महिन्यात एक एफडी संपतेय, ती तशीच यात घालायची म्हणतात.

"तू यातला ना, म्हणून विचारते. घेऊ ना?"

घेऊ नका! फोनवर सांगितलंच, पण भाऊजींना ते पटलेलं नाही हे त्यांच्या "हं... बघू" वरून कळलं. ते इथे येऊन वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून आता सविस्तर लिहितो. (नमस्कार भाऊजी!)

ज्यांना विषयच नवा आहे त्यांच्यासाठी (काकू, तुमच्यासाठी) दोन ओळी. विमान वळवायला, नाक वरखाली करायला पायलटच्या हातात काहीतरी असतं. काही विमानांत तो उभा दांडा असतो, काहींत मोटारीच्या स्टिअरिंगचं अर्धवट चाक. हे चाक फिरवायचं आणि पुढे-मागे ढकलायचं-ओढायचंही. त्या चाकाला म्हणतात योक. इंग्रजीत बैलाच्या मानेवरच्या जोखडालाही हाच शब्द आहे, आणि हा योगायोग मला वर्षानुवर्षं फार अर्थपूर्ण वाटत आलाय. दांड्याची घरगुती आवृत्ती म्हणजे जॉयस्टिक. मी तिला काठी म्हणतो.

आता सिम्युलेटरच्या दुनियेत नवा माणूस आला आणि त्याने "पहिलं काय घेऊ" असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. काठी लढाऊ विमानांच्या खेळाला ठीक, 'सिरियस' माणसाने योकच घ्यावा, नाहीतर सवय बिघडते. माझं भांडण आहे ते या 'सवय बिघडते'शी. एक तर ते खोटं आहे, आणि त्यापायी कितीतरी लोक पहिल्याच महिन्यात या छंदाला मुकतात.

ज्या खऱ्या विमानांसाठी सवय लावायची ती कोणती ते बघू. आपल्याकडे आज तरुण पायलटला नोकरी लागण्याची सगळ्यात जास्त शक्यता कुठे? इंडिगोत. त्यांच्या ताफ्यातली बहुतेक विमानं एअरबस ए-३२० घराण्यातली, आणि जून २०२३ मध्ये त्यांनी आणखी ५०० मागवली तीही त्याच घराण्यातली. ए-३२० पहिल्यांदा उडालं फेब्रुवारी १९८७ मध्ये, आणि तेव्हापासून त्यात योक नाहीच! खिडकीच्या बाजूला एक छोटी काठी, साइडस्टिक. समोर चाकाच्या जागी जेवायचं टेबल बाहेर येतं. शिकाऊ विमानांतही तसंच. सेसना १७२ मध्ये योक आहे, कबूल. पण फुरसतगंजच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमीची मुलं ज्या डायमंड डीए-४० वर शिकतात, आणि जी आपल्या गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवरूनही उडत आली आहेत, त्यात दोन पायांमध्ये सरळ दांडा असतो. फार काय, १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पस मॉथ विमानही दांड्याचंच. त्यांची सवय कुणी बिघडवली नव्हती.

आणि ज्याला सेसनावर शिकून पुढे एअरबसवर जायचं असतं तो योकवरून काठीवर जातोच की. टाइप रेटिंग करतो, काही आठवड्यांत हात बसतो. हाताला चाकाचा आकार पाठ नसतो. विमान किती झुकलं, नाक कुठे आहे आणि आता किती हलवायचं, हे कळावं लागतं डोळ्यांना आणि डोक्याला. हात त्यांच्या मागून येतो.

"पण फील?" असं विचारणारे असतात. हा प्रश्न खरा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

खऱ्या सेसनात योक हाताला जड लागतो, कारण पंखांच्या आणि शेपटीच्या हलणाऱ्या झडपांवर हवा दाबत असते आणि तो दाब तारांमधून थेट हातात येतो. वेग वाढला की योक घट्ट होतो. वेग उतरला की ढिला, लिबलिबीत. धावपट्टीवर टेकण्याच्या आधी तो ढिलेपणा हाताला सांगत असतो की बाबा रे, पंख आता दमलेत. दुसरी गोष्ट ट्रिमची. नाक वर धरून ठेवायला योक सतत ओढून धरावा लागत असेल तर ट्रिमचं चाक फिरवायचं, मग हातावरचा भार हळूहळू नाहीसा होतो आणि योक आहे त्याच जागी राहतो. पहिल्या काही धड्यांत शिक्षक हेच बोंबलून सांगत असतात : ट्रिम कर, ट्रिम कर.

आता घरचा योक घ्या. आत स्प्रिंग. विमान उभं असो नाहीतर १२० नॉट वेगाने जात असो, ती स्प्रिंग तेवढीच ओढते. ट्रिमचं तर उलटंच. ट्रिम फिरवता फिरवता योक मध्यावर सोडत आणावा लागतो, कारण स्प्रिंगला ट्रिम ठाऊक नाही. म्हणजे फीलचा जो गाभा, तो घरच्या योकमध्ये नाही. काठीतही नाही, अर्थातच! मग चारपट पैसे कशाचे? चाकाच्या आकाराचे. (मोटर लावून हवेच्या दाबाची नक्कल करणारी यंत्रं मिळतात. त्यांच्या किमती भाऊजींना सांगू नका.)

याहून मोठी गंमत आहे. ए-३२० ची खरी साइडस्टिक हीसुद्धा स्प्रिंगवरच चालते. हवेचा दाब तिच्यातून हातात येत नाही, ती नुसती कॉम्प्युटरला हुकूम देते, आणि नेहमीच्या उड्डाणात ट्रिम विमान स्वतःच करतं. म्हणजे घरच्या साध्या काठीच्या सगळ्यात जवळचं काही खऱ्या विमानात असेल तर ते रोज मुंबई-दिल्ली करणाऱ्या एअरबसमध्ये आहे. आणि लोक काठीला खेळणं म्हणतात!

आता माझी स्वतःची कहाणी सांगतो, कारण हा राग पुस्तकी नाही.

२००७ साल. एफएस-एक्स वर्षभरापूर्वी आला होता, मला बोनस मिळाला होता, आणि मीही असंच कुणाचंतरी ऐकून योक आणला. नाव घेत नाही, चांगल्या कंपनीचा होता. घरी आमचं तेव्हा नेहमीचं कॉम्प्युटर टेबल, खाली कीबोर्डचा सरकता ट्रे असलेलं. योकचा शिकंजा टेबलाच्या कडेला आवळायचा असतो. आमच्या टेबलाला कडेखाली पट्टी आणि तिच्यामागे लगेच ट्रेची रूळ. बसेना. सुताराकडून प्लायचा तुकडा आणला, तो खाली लावून कसाबसा आवळला. मग लक्षात आलं की आता ट्रे बाहेर येत नाही. कीबोर्ड मांडीवर. योक पूर्ण ओढला की छातीला लागायचा, म्हणून खुर्ची मागे, म्हणजे माऊस हाताबाहेर. शिवाय त्या योकला मध्यावर एक खाच होती, तिथून बाहेर पडताना तो हिसका मारायचा. उतरताना नेमकं तिथेच, मध्याच्या आसपास, केसाएवढं हलवायचं असतं. लोहगावच्या धावपट्टीवर मी किती सेसना आपटल्या याचा हिशोब नाही. आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की दोष माझ्या हातात आहे.

शिवाय कॉम्प्युटर घरात एकच. बायकोला मेल बघायची असली की सगळं काढायचं, परत लावायचं. दहा मिनिटं लावायला, दहा काढायला, आणि मध्ये अर्धा तास उडायला. तीन महिन्यांत योक माळ्यावर गेला तो गेला. गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी आहे. दर भाद्रपदात भेट होते.

मग सरळ २०२० साल. लॉकडाउन, ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टचा नवा सिम्युलेटर आला आणि ऑफिसातल्या एका पोराने त्याची जुनी काठी मला देऊन टाकली. टेबलावर ठेवली, वायर खुपसली, उडालो. काम आलं की ड्रॉवरमध्ये. दोन आठवड्यांत मी आडव्या वाऱ्यात उतरायला शिकलो. तेरा वर्षं मी समजत होतो की हे आपल्याला जमण्यासारखं नाही!

पेटी शिकायला येणाऱ्या मुलाला कुठलाही गुरुजी पहिल्या दिवशी स्केलचेंजर घ्यायला लावत नाही. इथे मात्र तीन-तीन स्क्रीन, अर्धवर्तुळाकार टेबल, निळे दिवे लावलेले फोटो टाकणारी मंडळी नवख्याला पहिल्याच दिवशी ते सांगतात. माणसं वाईट नाहीत. आपलं पहिलं वर्ष विसरलीत, एवढंच.

बरं, मग घ्यायचं काय? काठी. पण कुठलीही नाही.

मुठीला पीळ देता येणारी हवी. तो पीळ म्हणजे रडर, एरवी पायाने करायचं काम. ती सोय नसेल तर सिम्युलेटर तुमच्या वतीने रडर आपोआप चालवतो, आणि मग सेसना धावपट्टीवर पळताना नाक डावीकडे का ओढलं जातं, ते उजव्या पायाने का धरावं लागतं, हा धडाच बुडतो. माझ्या मते योकपेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं. बुडाशी थ्रॉटलची पट्टी हवी आणि बूड जड हवं, नाहीतर काठी टेबलासकट तुमच्याबरोबर वळते. आत चुंबकाचे हॉल सेन्सर असतील तर उत्तम. घासत फिरणारे पोटेन्शिओमीटर आपल्या धुळीत वर्ष-दोन वर्षांत कुरकुरायला लागतात आणि विमान उगाच दचकतं.

आणि ताई, हे तुमच्या यादीवाल्याने विचारलंच नसेल : पोरगा डावखुरा आहे! लॉजिटेकची एक्स्ट्रीम थ्रीडी प्रो ही काठी खूप लोक सुचवतात, मीही सुचवतो, पण तिची मूठ उजव्या हाताच्या साच्याची आहे. त्याला ती जन्मभर टोचेल. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम दोन्ही हातांना चालते, मुठीचे तुकडे बदलता येतात, सेन्सरही चुंबकाचे. त्याच कंपनीने २०२० मध्ये एअरबसच्या मुठीची काढली ती याच जातीची. डाव्या हातात काठी, उजव्यात थ्रॉटल. एअरबसचा कॅप्टन अगदी असाच बसतो. साहेबांना हे सांगा, योक विसरतील.

काठीचे दोषही आहेत, लपवत नाही. डावीकडे झुकवताना मनगट नकळत पिळलं जातं आणि रडर मध्येच लागतं. सेटिंगमध्ये त्या अक्षाला थोडा डेड झोन दिला की त्रास बराच कमी होतो. थ्रॉटलची पट्टी इवलीशी असते. तासाभराने मनगट दुखतं, तेव्हा उठावं. गेमपॅडबद्दल विचाराल तर महिनाभर चाचपून बघायला चालेल, अंगठ्याला जागा फार कमी मिळते.

योक कुणी घ्यावा? ज्याच्याकडे लायसन्स आहे आणि ज्याला सेसनाचा सराव मोडू द्यायचा नाही, त्याने. ज्याला बोइंग ७३७ मध्येच जीव अडकवायचाय, त्याने. ज्याचं टेबल कायमचं मोकळं आहे आणि वर्षभर काठीने उडून झालंय, त्याने खुशाल. तरी त्या वेळीसुद्धा दुसरी खरेदी पेडल्सची करा असंच मी म्हणेन. पाय रिकामे ठेवून हातात मोठं चाक घेणं हे मला अजून कळलेलं नाही.

राहिली एफडी. भाऊजी, पोराला खरंच पायलट व्हायचं असेल तर ऐका. कमर्शियल लायसन्सला २०० तास खरं उड्डाण लागतं. घरच्या सिम्युलेटरचं, मग तो योकचा असो की काठीचा, एक मिनिटही त्या लॉगबुकात चढत नाही. त्या २०० तासांचं बिल आलं की ही एफडी पहिल्या काही दिवसांत संपते, म्हणून ती जिथे आहे तिथेच पुन्हा ठेवा. त्याआधी त्यातले थोडे पैसे काढून डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल करून घ्या. डोळे, कान, रंग नीट ओळखता येतात की नाही, हे अकरावीत कळलेलं बरं. दोन वर्षं स्वप्न बघून मग कळण्यापेक्षा.

आणि काठीसुद्धा लगेच नको. फ्लाइटगिअर फुकट उतरवून घेता येतो. महिनाभर त्यात माऊसने रडतखडत उडू दे. तरीही रोज संध्याकाळी अभ्यास झाल्यावर तो तिथेच बसलेला दिसला, तर मला फोन करा, काठी माझ्याकडून.

वर्षभराने त्याला योक हवासा वाटलाच तर माळ्यावरचा घेऊन जा. आत्ता मागितला तर मिळणार नाही. शिकंज्याचा एक स्क्रू हरवलाय, प्लायचा तुकडा मात्र जपून ठेवलाय.