हिरवळ, कुरण आणि एक निकामी यंत्र

मराठीत ‘लॉन’ला ‘हिरवळ’ म्हणण्याचा प्रघात पडला, त्यात एक अर्थविपर्यास दडलेला आहे. हिरवळ ही मुळात उगवणारी गोष्ट. पहिल्या पावसानंतर ती माळावर, बांधावर, पडक्या भिंतीवर आपसूक येते आणि मार्गशीर्ष सरता सरता तशीच निघून जाते. लॉन मात्र राखावे लागते. या दोन परस्परविरोधी कल्पना एकाच शब्दात बसवल्यामुळे आपण नेमके काय राखतो आहोत, हे तपासण्याची गरजच कुणाला भासत नाही. हा विचार मनात आला तो कोणत्याही कवितेमुळे नव्हे, तर मुळशी तालुक्यातील एका यंत्रामुळे.

कोळवण खोऱ्यात आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाची चार एकर जागा आहे. त्यांतील सुमारे दीड एकरावर लॉन. ते कापण्यासाठी घेतलेला, बसून चालवायचा लॉनमोवर बारा वर्षांनी निकामी झाला. पात्यांवरचे पत्र्याचे आवरण ओल्या गवताने गंजले, पट्टे तुटले, सुटे भाग मिळेनासे झाले. आता नवा घ्यायचा तर कोणता? ४२ इंची की त्याहून रुंद, पेट्रोलवरचा की बॅटरीवरचा, साधा की जागच्या जागी वळणारा, यावर त्या घरात दोन महिने खल चालू आहे. माझे मत विचारले गेले ते बहुधा सौजन्यापोटी. परंतु मत द्यायचेच तर ते असे, की या सर्व प्रश्नांच्या आधीचा प्रश्न कोणी विचारलेलाच नाही. इतके गवत कापायचे कशासाठी?

या यंत्राचा जन्मच मोठा बोलका आहे. इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० साली त्याचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव समपातळीत कातरणारे यंत्र त्याने गिरणीत पाहिले होते, तीच युक्ती त्याने गवताला लावली. म्हणजे गवत हे कापड आहे, ही समजूत यंत्राच्या रचनेतच विणलेली आहे. बालकवींच्या ‘फुलराणी’तही हिरवळीचा गालिचा होतो, पण तिथे तो उपमान आहे. आज पुण्याच्या रोपवाटिकांत ‘कार्पेट लॉन’ चौरस फुटाच्या भावाने विकत मिळते. अलंकार शब्दशः घेतला की काय घडते, हे वर्गात सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ च्या आपल्या ग्रंथात लॉन आणि गाय यांविषयी मार्मिक विवेचन केले आहे. त्याच्या मते लॉन हे खरे तर कुरणच, आणि त्यावर शोभावी गायच. पण गाय म्हणजे उपयुक्तता, काटकसर. म्हणून प्रतिष्ठित माणसाला ती तिथे चालत नाही. मुळशीत हे वाक्यागणिक खरे ठरते. कुंपणापलीकडे वैशाखात गुरे वाळल्या धसकटांना तोंड लावत असतात, आणि अलीकडे कापलेले गवत पोत्यात भरून खड्ड्यात टाकले जाते.

तरीही हा केवळ प्रतिष्ठेचा प्रश्न असता, तर मी लेखणी उचलली नसती. मुख्य मुद्दा ऋतूंचा आहे. इंग्लंडमध्ये पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, गवत बेताने वाढते, यंत्राला नियमित काम मिळते. मुळशीत सारा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. गवत वाढते तेव्हा जमीन इतकी लिबलिबीत असते की जड यंत्राची चाके रुततात, माती दडपली जाते, ओले गवत आवरणाला आतून चिकटते. आणि जमीन कोरडी होऊन यंत्र सुखाने चालू शकते, तेव्हा गवतच वाढत नाही. ते वाढवावे लागते. उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर पाणी धरले, तर एका एकराला दिवसाला सुमारे वीस हजार लिटर लागतात, म्हणजे दहा हजार लिटरचे दोन टँकर. हे सर्व ज्या तालुक्यात चालते, तिथे १९२१ ते १९२४ या काळात आंबेमोहराची खाचरे धरणाखाली जाऊ नयेत म्हणून सत्याग्रह झाला होता. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. त्या धरणाचे पाणी आजही घाट उतरून भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाते. मुळशीत पाण्याचा हिशेब निरागसपणे मांडता येत नाही, एवढेच.

दुसरा मुद्दा उताराचा. अशा यंत्रांच्या माहितीपुस्तिकांत साधारणतः पंधरा अंशांपेक्षा अधिक उतारावर ते नेऊ नये, उतारावर आडवे चालवू नये, असे बजावलेले असते. या जागेचा पश्चिमेकडील तुकडा त्याहून तीव्र दिसतो. चर्चा करणारे सारे ओसरीवर बसतात. यंत्रावर बसतो तो माळी. नव्या यंत्राची अश्वशक्ती वाढवण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी एकदा तरी त्या आसनावर बसून तो तुकडा उतरून पाहावा.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. उंच गवतात घोणस, फुरसे असतात. फाल्गुन-चैत्रात वणव्याची भीती असते. विळा चालवणारी माणसे मिळत नाहीत. म्हणून सारेच रान मोकाट सोडा, असे मी म्हणत नाही. घराभोवतीचे दहा-बारा गुंठे आखूड राखावेत. त्याला ढकलून चालवायचे एकवीस इंची यंत्र पुरे. वनखाते काढते तशी जाळरेषा कुंपणालगत काढावी. उरलेले सव्वा एकर कुरण होऊ द्यावे. मारवेल, पवन्या, कुसळी ही इथलीच गवते; ती पाणी मागत नाहीत. श्रावण-भाद्रपदात पाते फिरले नाही, तर तेरडा आणि सोनकी फुलतील, बी धरतील.

आणि हरळी तर येईलच. शेतकऱ्याच्या रानात ती उच्छाद, गणपतीच्या मस्तकावर दूर्वा आणि लॉनवाल्याकडे विकत आणलेले बियाणे! एकाच वनस्पतीची ही तीन नावे नव्हेत, तीन सामाजिक स्थाने आहेत.

कापणी वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, गवत पुरते वाळण्यापूर्वी व्हावी. विळ्याला माणूस न मिळाल्यास खांद्याला अडकवायचे ब्रशकटर चालेल, ते उतारावरही नेता येते. राहता राहिला माळ्याच्या रोजगाराचा प्रश्न. यंत्राच्या किमतीतून त्याचा पगार काही वर्षे सहज निघतो, हे मी त्या कुटुंबाला कागदावर मांडून दिले आहे. पेंढ्या विकायच्या की शेजारच्या गोठ्यांना द्यायच्या, हे मात्र त्यांनी त्यालाच ठरवू द्यावे. गवताचा भाव त्यांच्यापेक्षा त्याला अधिक ठाऊक आहे.