अंतिम सामना आणि आमच्या मुली

कोल्हापुरात एखाद्या चषकाचा अंतिम सामना असला, म्हणजे त्या दिवशी दुपारी गाण्याची शिकवणी ठेवण्यात अर्थ नसतो, हे आमच्या घरी फार पूर्वीच ठरून गेले होते. माझे वडील संस्थानच्या चाकरीतले गवई. त्यांच्या उतारवयातले मी अपत्य. तालमीच्या बाबतीत ते कडक, पण त्या एका दुपारी तंबोरा खोळीतच राही. चार वाजता शाहू स्टेडियमच्या बाजूने हलगीचा आवाज येऊ लागला, की ते स्वतःच म्हणत, "जा, आज तुझे लक्ष सुरात राहायचे नाही."

ज्याने तो देखावा पाहिला नाही, त्याला तो सांगून कळणार नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नुसती संघांची नावे नव्हेत. ही पेठांची नावे आहेत, घरांची नावे आहेत. कुस्तीच्या तालमींतून फुटबॉलचे संघ निघावेत, तांबड्या मातीत अंग घोळलेल्या माणसांच्या नातवांनी चेंडूच्या मागे धावावे, हे आमच्याच गावात घडले. राजेश चषक, सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक अशी चषकांची नावे बदलत गेली, पण गर्दी बदलली नाही. याच मातीतला अनिकेत जाधव 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा प्रत्येक पेठेला तो आपल्या घरचा वाटला. या खेळावरील गावाची माया खरी आहे, याविषयी मला कधीच शंका नव्हती.

शंका आहे ती निराळी. ही माया निम्म्याच गावाची का असावी?

हा प्रश्न मला कोल्हापुरात पडला नाही, सुरतेत पडला. गेली काही वर्षे मी तेथे गायन शिकवतो. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे हजारोंनी राहतात. पुरुष यंत्रमागावर किंवा कापडाच्या बाजारात, बायका घरी साड्यांना टिकल्या लावतात. महानगरपालिकेच्या मराठी शाळा तेथे आहेत, आणि माझ्या बहुतेक विद्यार्थिनी त्याच वस्तीतल्या. त्यांतली एक, वय चौदा, लयीला अशी पक्की, की ठेका कितीही वाढवा, समेवर ती बरोबर येऊन उभी राहायची. ती उशिरा येऊ लागली. पायाला धूळ, कपाळावर घाम. विचारले, तेव्हा कळले, की शाळा सुटल्यावर मुलांबरोबर फुटबॉल खेळते.

काही दिवसांनी तिची आई आली. म्हणाली, "सर, गाणं चालंल. चार लोकांत म्हणता येतं. पण ते बॉल खेळनं तुम्हीच बंद करा तिचं. तुमचं ऐकते ती."

मी बंद केले. हे मी लपवून ठेवत नाही. मला वाटले, धावून दम लागतो, दमाने स्वर हलतो, आणि मुलीला खरी देणगी गळ्याची आहे. मी तिला सांगितले, "आधी गाणे." तिने मान डोलावली आणि चेंडू सोडला. पुढे तीन महिन्यांनी गाणेही सुटले. कारण साधे होते. पूर्वी संध्याकाळची ती वेळ तिची स्वतःची होती. ती मैदानावर असे आणि तेथून माझ्याकडे येई. आता ती त्या वेळी घरी सापडू लागली, आणि घरी सापडलेल्या मुलीच्या हातात टिकल्यांची साडी आली. मला वाटत होते, मी खेळाची वेळ काढून गाण्याला दिली. वास्तविक मी तिची वेळच काढून घेतली होती.

त्यानंतर मी या विषयाचा विचार करू लागलो, आणि माझे स्वतःचे क्षेत्र मला आठवू लागले. बाईने गाणे म्हणजे काय समजले जात होते, हे आमच्या पिढीला ऐकून तरी ठाऊक आहे. ती गात होती, उत्तम गात होती, पण सभ्य समाजाने तिचे गाणे ऐकावे आणि तिला ओळख देऊ नये, असा रिवाज होता. 1920 च्या दशकात हिराबाई बडोदेकर तिकीट लावलेल्या जाहीर बैठकीत गवयाच्या इतमामाने गाऊ लागल्या, तेव्हा ती गोष्ट साधी नव्हती. शाहू महाराजांच्या दरबारचे अल्लादियाखाँसाहेब. त्यांची अवघड गायकी पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनी पेलली. ही गायकी बाईच्या गळ्याला झेपणार नाही, असे म्हणणारे तेव्हा थोडे नसतील. 1977 साली व्हॉयेजर यान आकाशात गेले, तेव्हा त्यातल्या ध्वनिमुद्रिकेवर भारताचा म्हणून जो आवाज गेला, तो केसरबाईंचा होता.

यात बायकांना आवाज कोणी दिला नाही, आवाज होताच. मिळाली ती बैठक. चेंडूचेही तसेच आहे.

"बायकांचा खेळ पाहायला येतो कोण?" हा आक्षेप आपल्याकडे नेहमी ऐकू येतो. त्याला इतिहासाचेच उत्तर आहे. 26 डिसेंबर 1920 रोजी इंग्लंडात लिव्हरपूल येथील गुडिसन पार्कवर डिक-कर कारखान्यातील मुलींचा सामना पाहायला 53,000 प्रेक्षक आत होते आणि हजारो बाहेरून परत गेले. पुढल्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांना खेळू देण्यास मनाई केली. हा खेळ स्त्रियांना शोभत नाही, असे कारण दिले. ही मनाई सुमारे 50 वर्षे टिकली. म्हणजे प्रेक्षक नव्हते म्हणून मैदान गेले नाही. मैदान गेले म्हणून प्रेक्षक गेले. मैदान परत मिळाल्यावर काय झाले, तेही पाहावे. 2023 साली वेम्ब्लीवर स्त्रियांच्या चषकाच्या अंतिम सामन्याला 77,390 माणसे होती. त्याच्या आदल्या वर्षी बार्सिलोनात एका सामन्याला 91,000 हून अधिक.

परदेशाचे सोडा. आपल्या देशात स्त्रियांच्या फुटबॉलची स्वतंत्र संघटना 1975 साली निघाली. 1980 च्या आरंभी कालिकत येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुन्हा 1983 साली भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. शांती मलिक यांना 1983 साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या मुलींची नावे आपल्यातील किती फुटबॉलवेड्यांना सांगता येतील? जुलै 2025 मध्ये थायलंडला त्यांच्याच देशात 2–1 असे हरवून भारताचा संघ आशियाई चषकाला पात्र ठरला. दोन्ही गोल संगीता बासफोर यांचे. पेठेतल्या कट्ट्यावर त्या रात्री चर्चा झाली असेल, तर मला आनंदच आहे.

मी ज्या सुरतेत राहतो, तेथे 2022 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतील टेबल टेनिसचे सामने झाले. फुटबॉल अहमदाबादला झाला आणि स्त्रियांचे सुवर्णपदक मणिपूरने नेले. मणिपूरने स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा वीसपेक्षा अधिक वेळा जिंकली आहे. तेथील मुलींच्या पायांत काही निराळे हाड नाही. तेथे मुलगी चेंडू घेऊन निघाली, तर शेजारी तिच्या आईला बोलावून घेत नाहीत, एवढाच फरक असावा.

कोल्हापूरची बाजू तर मुळीच लंगडी नाही. गडहिंग्लज तालुक्यातील बेकनाळची मुलगी अंजू तुरंबेकर हिने प्रशिक्षकाचा आशियाई 'अ' परवाना मिळवला आणि देशाच्या फुटबॉल संघटनेत काम केले. कोल्हापूरच्या नावाचा मुलींचा संघ देशाच्या महिला लीगमध्ये उतरून आला. बडोद्याच्या नावाची अकादमीही उतरली. म्हणजे दोन मराठी राजधान्यांची नावे त्या तक्त्यावर लागली, आणि दोन्ही गावांत हलगी वाजल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही.

कोणी म्हणेल, पुरुषांच्या सामन्यालाच कधी कधी गर्दी आवरत नाही, त्यात मुलींना कुठे आणता? मला हे उलट वाटते. ज्या मैदानावर आपली बहीण खेळायची आहे, त्या मैदानावर तोंड सांभाळूनच बोलावे लागते. बैठकीत बायका येऊन बसू लागल्या, तेव्हा श्रोत्यांची रीत सुधारली, बिघडली नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. ज्या ज्या चषकाचा अंतिम सामना शाहू स्टेडियमवर होतो, त्या प्रत्येक चषकात मुलींचाही अंतिम सामना असावा. त्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच तिकिटात. तो भर दुपारी रिकाम्या पायऱ्यांपुढे उरकू नये. बैठकीत होतकरू गवयाला माणसे जमेपर्यंत गायला बसवतात, तशी ती जागा नसावी. गर्दी भरल्यावर तो सुरू व्हावा आणि बक्षीस त्याच व्यासपीठावर, त्याच हाताने दिले जावे. आणि प्रत्येक तालमीने आपल्या नावाचा मुलींचा संघ उभा करावा. हे सर्वांत महत्त्वाचे. निराळ्या नावाच्या संघाला टाळ्या मिळतात; पेठेच्या नावाला माणसे मिळतात. ईस्ट बंगालसारख्या 1920 साली स्थापन झालेल्या क्लबाने आपल्या नावाखाली मुली उतरवल्या आणि 2024–25 ची महिला लीग जिंकली, तेव्हा तो विजय क्लबाचा म्हणून साजरा झाला. पाटाकडीलच्या जर्सीत एखादी मुलगी खंडोबाच्या गोलात चेंडू मारील, त्या दिवशी ती मुलगी आहे की मुलगा, हे पेठ विचारणार नाही.

याला खर्च फार नाही. लागते ती संध्याकाळची दोन तासांची मोकळी जागा, आणि त्या दोन तासांत मुलगी कुठे आहे असे कोणी विचारले, तर "तालमीत आहे" असे अभिमानाने सांगता येण्याची सोय. मुलाच्या आईला ही सोय कित्येक वर्षांपासून आहे.

ज्या राजाने 1917 साली मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला, त्याचे नाव या स्टेडियमला आहे. त्याच्या पायऱ्यांवर बसून आपण निम्म्या गावाला घरी ठेवतो, हे शोभत नाही.

सुरतेच्या त्या मुलीच्या घरी मी मागच्या महिन्यात गेलो होतो. आईला म्हणालो, "मी चुकीचे सांगितले होते. तिला खेळू द्या. गाण्याचे नंतर पाहू." आई काही बोलली नाही. मुलीने हातातील साडी बाजूला ठेवली आणि विचारले, "सर, मुलींची मॅच खरंच असते का कुठं?"

कोल्हापुरात असते, असे मला तिला छाती ठोकून सांगायचे होते. पुढच्या मोसमात ते सांगता यावे, म्हणून हे लिहिले.