एक उणें झाल्यावर

लातूर-नांदेडकडे वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास हें आतां घरोघरचें व्रत होऊन बसलें आहे. त्या अभ्यासांत एक सोपें सूत्र विद्यार्थी सहज उचलतात : जनुक काढून टाकावें, काय बिघडतें तें पाहावें, म्हणजे त्याचें कार्य कळलें. सूत्र खोटें नाहीं. पण अपुरें आहे. तें कसें, हें मेंदूच्याच उदाहरणानें पाहूं.

मज्जापेशींची उत्तेजना आंवरण्याचें काम ‘गाबा’ नांवाचें द्रव्य करतें. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या ग्राहीला तें चिकटतें, तो पांच उपघटकांचा बनलेला असून त्याच्या मधून क्लोराइडच्या कणांना वाट असते. सस्तन प्राण्यांत या उपघटकांचीं १९ जनुकें आहेत. बहुतेक ग्राहींत दोन अल्फा, दोन बीटा व एक गॅमा अशी मांडणी आढळते.

१९९५ सालीं गॅमा-२ चें जनुक काढलेले बहुतेक उंदीर जन्मानंतर लवकरच दगावले. येथें सूत्र लागू पडलें असें वाटतें. परंतु अल्फा-१ हा सर्वांत विपुल उपघटक. २००१ सालच्या प्रयोगांत तो नाहींसा केल्यावर निम्म्याहून अधिक ग्राही गेले, तरी उंदीर जगले! मेंदूच्या बाह्य थरांत अल्फा-२ व अल्फा-३ यांचें प्रमाण वाढलें होतें. लहान मेंदूंतील पुर्किंजे पेशींत मात्र अल्फा-१ ची जागा घेणारें कोणी नव्हतें; तेथील ग्राहींचें कार्य थांबलें. या उंदरांच्या अंगाला कंप सुटतो, हेंही पुढें आढळलें.

अल्फा-६ ची कथा याहून चमत्कारिक आहे. १९९७ सालीं तो काढतांच त्याचा जोडीदार डेल्टाही दिसेनासा झाला. डेल्टाचें जनुक शाबूत होतें. पण सोबत्यावांचून तें प्रथिन टिकेना. लहान मेंदूंतील त्या पेशींवर गाबाचा जो सततचा दाब असे, तो गेला. तरी पेशी बेफाम झाल्या नाहींत. पोटॅशियमच्या एका निराळ्याच मार्गानें तो भार उचलल्याचें २००१ सालीं उघड झालें. वरवर पाहणाऱ्यानें अल्फा-६ निरुपयोगी ठरविला असता. थोरल्या वहिनी चार दिवस माहेरीं गेल्या आणि स्वयंपाक अडला नाहीं, एवढ्यावरून त्या रोज काय करतात हें कोणीं ठरवूं नये, तसेंच हें आहे.

ही गोष्ट ग्राहींपुरतीच नाहीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं सहकाऱ्यांसह २००८ सालीं असें दाखविलें कीं, उंदराच्या गर्भाच्या मेंदूंत कांहीं पेशींतून एलएचएक्स-२ हें जनुक काढल्यास त्या पेशी निराळेंच रूप घेतात. इतकेंच नव्हे, तर शेजारच्या निर्दोष पेशींतूनही हिप्पोकॅम्पस हा स्मृतीशीं संबंधित भाग भलत्या जागीं घडूं लागतो.

ज्या घरांत मुलाला फेफरें येतें, त्या घरालाही हा विचार उपयोगी आहे. गॅमा-२ च्या जनुकांतील दोष कांहीं कुटुंबांतील अपस्माराशीं निगडित असल्याचें २००१ सालीं दिसून आलें. पण तोच दोष असलेलीं सर्व माणसें सारखींच आजारी असतात असें नाहीं. म्हणून तपासणीच्या एका ओळीवरून मुलाचें भवितव्य ठरवूं नये. काय गेलें हें विचारावें, आणि उरलेल्यांनीं तें कसें सांवरलें हेंही विचारावें.