जर्मन, जपानी... आणि कोरकू?

माझी मामेबहीण हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. परवा तिनं विचारलं, "ताई, आणखी एक भाषा शिकायची म्हणते. जर्मन घेऊ की जपानी?" तिच्या ऑफिसात सगळ्यांपुढे हाच प्रश्न. जपानीची एन-फाइव्ह ते एन-वन अशी पाच पातळ्यांची परीक्षा, जर्मनची ए-वनपासूनची शिडी. पायरी चढली की परदेशी काम मिळण्याची शक्यता वाढते.

तिनं ती जरूर चढावी. बाईच्या हाती स्वतःचा पगार आणि पासपोर्ट असणं ही लहान गोष्ट नाही. माझा सवाल वेगळा आहे. इथल्या ज्या बायकांच्या हाती तुमचे प्रोग्राम पडतात, त्यांची एकही भाषा या यादीत का नाही?

२०२१ साल आठवा. केंद्र सरकारनं 'पोषण ट्रॅकर' हे ॲप अंगणवाडी सेविकांवर लादलं. माहिती भरायची ती इंग्रजीत! जिला सरकार कर्मचारी मानत नाही, पगाराऐवजी मानधनावर भागवतं, तिच्याकडून ही अपेक्षा. त्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. फोन निकृष्ट ही तक्रार होतीच, पण ॲप मराठीत हवं ही मागणीही होती. "बायांना तंत्रज्ञान झेपत नाही," असं म्हणणारे मला तेव्हा भेटले. ज्यांनी ते बनवलं त्यांना बायांची भाषा झेपली नाही, असं मात्र कुणी म्हटलं नाही. पुढे ॲपमध्ये मराठी आली. भांडल्यावर आली.

पण मराठी आली म्हणजे संपलं का? एम.एस.डब्ल्यू. करताना मी मेळघाटात क्षेत्रकार्याला होते. तिथली भाषा कोरकू. २०११च्या जनगणनेनुसार ती बोलणारे सात लाखांहून अधिक. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. मला ती येत नव्हती. एका बाईला मी बाळंतपणाबद्दल विचारलं. दुभाषा तिचा नवरा. ती बराच वेळ बोलली. तो म्हणाला, "सगळं ठीक आहे म्हणते." मी फॉर्मवर 'ठीक' लिहिलं. त्या फॉर्मची मला आजही लाज वाटते. आज तसले फॉर्म मोबाइलवर आलेत, एवढाच फरक.

कुणी म्हणेल, भाषांतर करून घेता येतं, आता तर यंत्रही करतं. शब्दांचं होईल. पण प्रश्न कुणासमोर विचारायचा, कोणत्या शब्दाशी बाई गप्प होते, हे तिच्याजवळ बसून तिच्या बोलीत ऐकल्याशिवाय कळत नाही. आणि ते कळल्याशिवाय लिहिलेला प्रोग्राम नवऱ्याचंच उत्तर नोंदवत राहणार.

"पण ताई, कोरकू शिकून पगार वाढेल का?" बहिणीनं विचारलं. नाही वाढणार. म्हणूनच हा भार एकट्या मुलीच्या हौसेवर टाकायचा नाही. परदेशी गिऱ्हाइकासाठी जर्मन शिकवणारी कंपनी फी भरते, वेळ देते. मग सरकारी आरोग्याचं, पोषणाचं काम घेणाऱ्या कंपनीनं कोरकू, गोंडी, भिलीचे वर्ग का चालवू नयेत? तेही ऑफिसच्या वेळात. संध्याकाळी सातला वर्ग ठेवला तर पुरुष बसतील आणि बाया स्वयंपाकाला पळतील. शिकवायला त्या समाजातल्या बाईलाच बोलवा. आणि तिला मानधन नको, रीतसर फी द्या.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गावात नवं ॲप घेऊन साहेब येतील, तेव्हा बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा: हे लिहिणाऱ्यांपैकी आमची भाषा किती जणांना बोलता येते? उत्तर येईपर्यंत अंगठा उमटवू नका.