रोवणी आणि मुकादम

आषाढात गोंदियाकडे धानाची रोवणी लागली, की बांधीवर घटकाभर उभे राहावे. एकीकडे पऱ्हे उपटले जातात, दुसरीकडे जुड्या वाहिल्या जातात, तिसरीकडे बाया वाकून रोवत असतात. तिन्ही कामे एकाच वेळी! संगणकाचा प्रोसेसरही असाच चालतो. एक आज्ञा पार पडत असता पुढची उलगडली जाते, तिच्या मागची आणली जाते. एकेका आज्ञेचा वेळ काही घटत नाही. पण दिवसाकाठी काम कितीतरी जास्त उरकते.

मात्र जुडी पोचली नाही, की रोवणारे हात थांबतात. तसेच आधीचे उत्तर हाती आल्यावाचून त्यावर बेतलेली आज्ञा अडते. म्हणून कामाचा क्रम अगोदरच लावून ठेवणारा मुकादम हवा. त्याचे नाव कंपायलर. कित्येक वर्षे तो हेच करीत आला आहे.

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक उभारला, तो अनेक प्रोसेसर जोडून. त्या कामाचे धुरीण विजय भटकर आमच्या विदर्भातलेच. तिथेही हात पुष्कळ होते. खरी कसोटी होती ती काम वाटण्याची.

मला मराठीच्या मास्तराला या मुकादमाचे अप्रूप वाटते, कारण तो मुळात अनुवादक आहे. तो वाक्ये मागेपुढे करील, पाल्हाळ गाळील. पण अर्थ बदलण्याची त्याला मुभा नाही. वेगापायी अर्थ सुटला, तर चुकीचे उत्तर तेवढे लवकर मिळते. घाईच्या या दिवसांत आपण माणसांनीही हे ध्यानात ठेवायला काय हरकत आहे?